खुंटीवरची पिशवी

कोल्हारच्या शाळेत मला नोकरी लागली तेव्हा खोली बघताना मी तीनच गोष्टी तपासल्या होत्या. पाणी जवळ हवं, शाळा दहा मिनिटांवर हवी आणि घरमालक भांडखोर नको. सगळं गाव ज्यांना काका म्हणे त्यांच्या घरात तिन्ही जमत होतं. घर प्रवरेच्या घाटापासून अगदी जवळ होतं आणि काका कुणाशी भांडत नसत. त्यांच्या डोक्यात काय चालतं, हे विचारायचं मात्र माझ्या यादीत नव्हतं.

पहिल्याच अमावास्येला ते माझ्या दारात येऊन उभे राहिले. साठीकडे झुकलेले, काटकुळे, कमरेला पंचा खोचलेला.

"बाई, आज हलवाहलव."

"कशाची?"

"सगळ्याची. माठ तिकडे जाईल, माझी खाट इकडे येईल. तुमच्या खोलीचं तुम्ही बघा. सक्ती नाही, पण पलंग फिरवलात तर बरं."

"पलंगाला काय झालंय?"

"पलंगाला काही नाही. तुम्हाला होईल. सवय."

दर अमावास्येला ते हे करत. जेवायचा पाट दुसऱ्या भिंतीला जाई. चष्मा कोनाड्यातून फडताळात जाई, आणि मग पुढचे चार दिवस काका रिकाम्या कोनाड्यात हात घालून चष्मा शोधत. मी हसले की म्हणत, "हसा. माणूस एका जागी राहिला की मुळं धरतो. उद्या मालकानं ऊठ म्हटलं तर उपटावं लागेल. त्यापेक्षा कुंडीत असलेलं बरं."

मालक म्हणजे देव. देवाला ते दुसऱ्या कुठल्या नावानं फारसे हाक मारत नसत. मी एकदा त्यांना "तुम्ही घरमालक" असं काहीतरी म्हणाले तर त्यांनी मला थांबवलं. "मी भाडेकरू, बाई. तुम्ही पोटभाडेकरू."

काका पाटबंधाऱ्याच्या कचेरीत कारकून होते. मी राहायला आले तेव्हा नुकतेच निवृत्त झाले होते. घराणं भिक्षुकांचं, पण यांनी भिक्षुकी केली नाही. पत्नी वारून बरीच वर्षं झालेली, एकुलती मुलगी लग्न होऊन इंदूरला. स्वयंपाक स्वतः करत, सोवळ्यात. दुसऱ्याच्या हातचं खात नसत. माझ्या हातचा चहा चाले, तोही मी अंघोळ करून केला असेल तर, आणि तसं ते दर वेळी विचारून घेत.

मधल्या खोलीत दारामागच्या खुंटीवर त्यांची पिशवी असे. बायकोचं दिवसकार्य आटोपलं त्याच दिवशी त्यांनी ती टांगली होती. मी आले तेव्हा त्याला सोळा वर्षं झाली होती. आत एक धोतर, एक पंचा, एक तांब्या. देवानं बोलावलं की उठायचं, पिशवी घ्यायची आणि निघायचं, एवढीच त्यांची तयारी.

"कुठे बोलावणार?"

"ते त्याचं काम. मला उठता आलं पाहिजे, एवढंच माझं."

गावातल्या लोकांना वाटे, काका मरणाची वाट बघतात. तसं कुणी बोललं की ते चिडत. "मरायला पिशवी लागत नाही," म्हणत.

पण बोलावणं कुठल्या दिशेनं येईल याचा त्यांचा अंदाज ठरलेला होता. काशी, नाहीतर हरिद्वार, नाहीतर त्याच्याही वर. थोडक्यात, उत्तरेला. नगर-मनमाड रस्ता आमच्या गावातूनच जातो. संध्याकाळी काका मनमाडकडे जाणाऱ्या गाड्यांच्या थांब्यावर अर्धा तास बसत. तिथल्या चहावाल्याला त्यांची गंमत करायची रोजची सवय. गाडी आली की तो ओरडे, "काका, मनमाडची आली बरं का! बसताय का जागा धरू?"

"बोलावणं नाही आलं अजून."

"पत्ता चुकला आसंल हो. त्याला म्हनावं, टपरीच्या पत्त्यावर धाड."

काका हसत आणि चहा न पिता उठत.

मला तयारी आवडते. प्रवासाला निघायचं तर मी आठ दिवस आधी यादी करते, आणि सामान भरताना एकेका वस्तूवर खूण करते. त्यामुळे काकांची कल्पना मला पटली होती, अंमलबजावणी मात्र ढिसाळ वाटली. हलवाहलवीच्या दिवशी ते पिशवी उतरवत, धोतराला ऊन देत, पुन्हा घडी करून ठेवत. असंच एकदा मी म्हणाले, "काका, तीन वस्तूंवर हरिद्वार? थंडी केवढी असते तिकडे."

"असते?"

"कानटोपी तरी ठेवा."

इथून ते सुरू झालं. कानटोपी गेली. मग पाऊस लागला तर, म्हणून छत्री. कापड फाटलं तर, म्हणून सुई-दोरा. जुना चष्मा, कारण नवा फुटू शकतो. अडकित्ता, घोंगडी, सुंठेची पुडी, तेलाची बाटली, लहान कंदील, जास्तीची चप्पल. दर अमावास्येला मी विचारी, "आणखी काय?" आणि काका लहान मुलासारखे विचार करून एखादी वस्तू सांगत. यादी माझ्या अक्षरात, जाड पुठ्ठ्यावर चिकटवून आत ठेवलेली. दोन वर्षांत एकतीस वस्तू झाल्या. जुनी पिशवी पुरेना, तेव्हा मी नगरच्या जुन्या बाजारातून मिलिटरीची कॅनव्हासची पिशवी आणून दिली. खुंटीही नवीन ठोकावी लागली.

एकतिसावी वस्तू त्यांची स्वतःची होती. प्रवरेच्या पाण्याची बाटली, बुचाची. ते पाणी दर अमावास्येला बदलत.

त्या नदीबद्दल सांगायलाच हवं. काका रोज पहाटे घाटावर अंघोळ करत, ओलेत्यानं तांब्या भरून आणत आणि त्या पाण्यानं देवाला स्नान घालत. ताप असो, पूर असो, यात खंड नाही. मुलीचं लग्न त्यांनी कोल्हारलाच लावलं आणि तिच्या बाळंतपणाला इंदूरला गेले नाहीत, ते याच कारणासाठी. आयुष्यात एकही दिवस त्यांनी नदीपासून दूर काढला नव्हता. एकदा मी सहज म्हणाले, "काका, माठ हलतो, खाट हलते. तुमचा घाट कसा हलत नाही?"

ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी दारात येऊन म्हणाले, "ती नदी आहे, बाई. ती सवय नव्हे." आणि गेले.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. आमच्याकडे पाटाचं आणि नदीचं थोडं तरी पाणी होतं, ऊस होता. पठारावरची माणसं बैल घेऊन चालत आमच्या बाजूला यायची. उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, बैलांना मिळावा म्हणून नदीकाठी मुक्काम करायची. नदी घाटापासून लांब सरकली होती. काका वाळू तुडवत तिच्यापर्यंत जात.

एके सकाळी असाच एक बैलवाला दोरी मागायला आला आणि पायरीवर टेकला. मी ओट्यावर वह्या तपासत होते. काकांनी त्याला पाणी दिलं.

"कुठले तुम्ही?"

"पारनेरच्या पल्याड, पठारावरलं."

"बैल जगतील?"

"जगत्याल. वाढं मिळतंय थोडं थोडं."

"आणि घरची माणसं?"

"धडधाकट समदी सडकंच्या कामावर गेल्यात, खडी फोडाय. तितंच ऱ्हात्यात. गावात सात म्हातारी हायेत मागं. त्यास्नी चालवत न्हाई."

"त्यांना पाणी?"

"टँकर येतो की आठवड्यातनं दोनदा. फाट्यावर. फाट्यापस्नं गाव मैलभर. कोन आनून दिल तवा प्यायचं."

"मग त्यांच्याकडे बघतं कोण?"

"देव बघतुय की."

काका जरा पुढे वाकले. "ते खरं. पण देवानं सांगितलंय कुणाला?"

बैलवाला हसला. "आमाला कशाला सांगंल? आमी बैलांच्या मागं. तुमी देवाची मानसं, तुमच्याच कानात सांगत आसंल." त्यात टोमणा नव्हता. त्यानं दोरी खांद्यावर टाकली, रामराम केला आणि गेला.

काका पायरीवर बसून राहिले. मी तिसरीच्या वह्या संपवून चौथीच्या घेतल्या तरी ते तिथेच.

त्यानंतर चार दिवसांनी अमावास्या होती. माठ हलला नाही. खाट हलली नाही. पिशवीला ऊन मिळालं नाही. मी विचारलं तर म्हणाले, "आज अंग जड आहे." संध्याकाळी ते थांब्यावरही गेले नाहीत. चहावाला मला शाळेच्या वाटेवर म्हणाला, "बाई, काका आजारी हायेत का? गिऱ्हाईक न्हाई, पन करमत न्हाई."

बैलवाला येऊन गेल्याच्या आठव्या दिवशी काकांनी मला हाक मारली. ते पिशवीखाली बसले होते.

"बाई, तुम्हाला याद्या करता येतात. एक करून द्या. मी त्या गावाला का जाऊ नये, त्याची कारणं."

मला हायसं वाटलं. मी कागद घेतला आणि भराभर लिहिलं. वय एकसष्ट. रक्तदाब. डावा गुडघा. गाव अनोळखी. ओळखीचं एकही माणूस नाही. अंघोळीला पाणी नाही, म्हणजे पूजा नाही. सोवळ्यातला स्वयंपाक अशक्य. तिथं काकांनाच काही झालं तर दवाखाना पारनेरला. शिवाय सरकार काहीतरी करेलच. एकूण नऊ कारणं झाली. एकही खोटं नव्हतं. मी ती वाचून दाखवली.

त्यांनी कागद हातात घेतला. "चोख आहे," म्हणाले. "पण एक राहिलं. दहावं लिहा. भीती वाटते."

मी लिहिलं नाही. त्यांनी माझ्या हातातलं पेन घेऊन स्वतः लिहिलं, कचेरीतल्या वळणदार अक्षरात.

"एकोणीस वर्षं मी मनमाडच्या गाड्या बघितल्या," ते म्हणाले. "मला वाटायचं, गंगेवर बोलावेल. माझ्याएवढी सेवा कुणी केली आहे? आणि त्यानं बोलावलं कुठे, तर जिथे चूळ भरायला पाणी नाही तिथे. तेही एका दोरी मागायला आलेल्या माणसाच्या तोंडून."

"तो काही निरोप नव्हता, काका. तो आपला बोलून गेला."

"कदाचित. मलाही आठ दिवस तसंच वाटावंसं वाटलं." मग म्हणाले, "घाटाचं तुम्ही बोलला होतात, ते मला आवडलं नव्हतं. बरोबर होतं म्हणून आवडलं नव्हतं. नदीशिवाय मला त्याचं नाव घेता येतं का, हेच मला माहीत नाही. तिथे जाऊन बसलो आणि तो सापडलाच नाही, तर या वयात मी काय करायचं?"

मी म्हणाले, "मग नका जाऊ."

"हं," ते म्हणाले. कागदाची घडी करून त्यांनी खिशात ठेवली.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते नेहमीसारखे घाटाकडे गेले आणि थोड्या वेळानं परत आले. धोतर कोरडं होतं. मला वाटलं चक्कर आली.

"अंघोळ नाही केली?"

"नाही. तिथे जमणारच नाही. मग सुरुवात इथूनच केलेली बरी."

त्यांनी तसंच, बिनअंघोळीचं, देवघरापुढे बसून हात जोडले. ओठ हलत नव्हते. मग उठून खुंटीवरची पिशवी काढायला गेले. ती निघेना. दोन्ही हातांनी ओढली तेव्हा खाली आली, आणि तिच्याबरोबर काकाही खाली बसले. उठून ती खांद्यावर घ्यायचा त्यांनी तीनदा प्रयत्न केला. तिसऱ्या वेळी आमच्या दोघांच्याही लक्षात आलं. एकोणीस वर्षं तयार ठेवलेली पिशवी काकांना उचलवत नव्हती. मीच ती भरली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काका मात्र हसायला लागले. एवढे हसले की खोकला आला. मग त्यांनी पिशवीत हात घालून अगदी तळातून तांब्या, पंचा आणि धोतर काढलं, पंच्यात बांधलं आणि ती मोठी पिशवी पुन्हा खुंटीला लावायला मला हात द्यायला सांगितला.

"आणि देव?" मी विचारलं.

"ते तुमच्याकडे. मंत्र नकोत. रोज पाणी घाला, फूल मिळालं तर वाहा."

"मग तुम्ही पूजा कुणाची करणार?"

"बघू. तिथे कोण आहे ते."

गावाची वाट काकांनी बैलवाल्याला विचारून घेतली होती. मी थांब्यापर्यंत गेले. काका आयुष्यात पहिल्यांदाच रस्ता ओलांडून नगरकडे जाणाऱ्या गाडीच्या बाजूला उभे राहिले. पलीकडून चहावाला हातातली किटली तशीच धरून ओरडला, "ओ काका! तिकडं नगरची थांबतीया! मनमाडची हिकडं!"

"माहीत आहे मला."

"बोलावनं आलं का काय?"

"आलंय असं वाटतंय."

"वाटतंय म्हंजी?"

गाडी आली. "म्हणजे जाऊन बघायचं," असं म्हणून काका चढले. खिडकीतून त्यांनी माझ्याकडे बघितलं. चेहरा उतरलेला होता. मोठ्या धीरानं निघालेल्या माणसाचा तो चेहरा नव्हता. पण गाडी सुटेपर्यंत ते उतरले नाहीत.

दीड महिना काही कळलं नाही. मी रोज देवावर पाणी घालत होते. मेच्या सुट्टीत घरी जायची तयारी करत होते तेव्हा पोस्टकार्ड आलं. "बाईंस आशीर्वाद. खुंटीवरची पिशवी घेऊन या. यादीप्रमाणे सगळं लागेल. सगळ्याचे धनी इथे भेटले." खाली गावाला कसं यायचं ते, फाट्यासकट.

मी यादी काढली आणि एकेक वस्तू तपासली. तीन काकांबरोबर गेल्या होत्या, अठ्ठावीस उरल्या होत्या. बाटलीतलं पाणी जुनं झालं होतं. निघायच्या दिवशी पहाटे मी घाटावर गेले, वाळूतून चालत नदीपाशी पोचले, बाटली विसळून ताजं पाणी भरलं आणि बूच घट्ट लावलं. नगरला गाडी बदलली, पारनेरला पुन्हा बदलली. फाट्यापासून गावातली एक बाई सोबत होती, ती सुट्टीच्या दिवशी कामावरून सासूला बघायला निघालेली. पिशवीचा एक बंद तिनं धरला, एक मी.

गावातल्या देवळाच्या सावलीत काका दिसले. आणखी वाळलेले, काळवंडलेले, दाढी वाढलेली. शेजारी कावड टेकवलेली. तिचा घट्टा त्यांच्या खांद्यावर स्पष्ट दिसत होता. आजूबाजूला सात म्हातारी माणसं बसलेली. काकांनी पिशवी उघडली आणि मला यादी वाचायला लावली. मी एकेक नाव घ्यायची आणि ते धनी दाखवायचे. कानटोपी दम्याच्या म्हाताऱ्याला, त्याला पहाटेचा गारवा सोसत नसे. अडकित्ता दात नसलेल्या आजोबांना. काठीसारखी धरायला छत्री एकाला. घोंगडी, चप्पल, सुंठ. जुना चष्मा चार नाकांवर फिरून पाचव्याला बसला. तो म्हातारा समोरच्याला म्हणाला, "आरं, तू लई म्हातारा झालास की रं!" सगळे हसले.

जेवायला भाकरी आणि चटणी होती. काका माझ्याआधी जेवायला बसले.

"भाकरी कुणी केली?" मी विचारलं.

"हिनं," म्हणून त्यांनी एका आंधळ्या म्हातारीकडे बोट दाखवलं. "चांगली करते. कधी कधी करपते."

"सांग की मग करपली म्हनून! गुमान खातुय आन मागनं सांगतुय," म्हातारी म्हणाली.

अंघोळीचं मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं. दिवसाला एक तांब्या. पहिले पंधरा दिवस वाईट गेले. देव आठवत नसे, नदी आठवे. टँकरच्या दिवशी फाट्यावर गेले की गाडीत बसून परत जावंसं वाटे. "मग?" मी विचारलं. "मग काही नाही. कावड भरलेली असायची. ती घेऊन गाडीत कसं बसणार?"

यादीत शेवटी बाटली उरली. मी ती त्यांच्या हातात दिली. "ताजं आहे. आज पहाटे भरलंय, तुमच्याच घाटावरून."

त्यांनी बाटली उन्हात धरली. बूच काढून नाकाशी नेली आणि डोळे मिटले. मला वाटलं आता हे उठतील, देवळात जाऊन देवाला स्नान घालतील, निदान दोन थेंब डोक्याला लावतील. मीही पाय जवळ घेऊन सावरून बसले.

"पानी हाय का रं कुनाकडं?" आंधळी म्हातारी भाकरीचं पीठ झटकत म्हणाली. "नरडं वाळलंय."

टँकर दुसऱ्या दिवशी यायचा होता. रांजणात तळाला गाळ होता, तो निवळायला ठेवलेला. काकांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते उठले, तिच्यापाशी जाऊन बसले, तिची ओंजळ आपल्या हातानं वर धरली आणि बाटली हळूहळू ओतली. ती सगळं पाणी प्यायली. तिनं ओला हात तोंडावरून, मग डोळ्यांवरून फिरवला.

"लई ग्वाड हाय," ती म्हणाली. "कुठलं रं ह्ये?"

काकांनी बाटलीला बूच लावलं.

"इथलंच आहे, मावशी," ते म्हणाले.